चांगला पाय आधी

३ फेब्रुवारी

डायरी कशी सुरू करतात ते मला ठाऊक नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं लिहिणं मी पत्रांवर शिकलो. शिलाई मशीनच्या सुट्या भागांसाठी कंपन्यांना लिहायचं आणि आलेलं उत्तर अक्षराखाली बोट ठेवून वाचायचं. तेव्हा मला लिहिता येतं ते पत्रच. म्हणून पत्रासारखी आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेतो.

आमची ही कशी आहे? बरी आहे म्हणते. चव्वेचाळीस वर्षांत मी दुसरं उत्तर ऐकलेलं नाही. लेक कशी आहे? शाळेच्या कचेरीतून महिनाभराची रजा काढून आली आहे, आणि तिकडून जावईबापू रोज फोन करून मीठ कुठल्या डब्यात ते विचारतात. म्हणजे तीही बरीच म्हणायची. घड्याळवाला कसा आहे? त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून. त्याला सर्दी झाली आहे, ती मला लागू नये म्हणून वर येत नाही, रस्त्यावरूनच हाका मारतो. दुकानातली मशिनं कशी आहेत? लोकांनी दुरुस्तीला दिलेली अकरा आहेत, शटर ओढलेल्या अंधारात बसली आहेत बिचारी. आणि मी? मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि माझा डावा खुबा पाच दिवसांचा.

काल हॉस्पिटलातून आणलं. दुकान खाली, घर वर, मध्ये एकोणीस पायऱ्या. ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी खुर्चीत बांधून वर चढवलं. घड्याळवाला खालून ओरडला, "वरात निघाली, वाजंत्री कुठं आहे?" हसायला गेलो तर टाके ओढले.

ही वही लेकीनं व्यायामाच्या खुणा करायला आणली आहे. मी मागच्या पानापासून लिहितोय. पुढून व्यायाम, मागून कुरकुर. मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडेल.

४ फेब्रुवारी

नियम असे. उताणं झोपायचं, दोन पायांत उशी. पायावर पाय टाकायचा नाही. खाली वाकायचं नाही. बसायचं ते गुडघ्यापेक्षा उंच जागी. माझी बैठक हातभर उंचीच्या स्टुलावर, आख्खा जन्म तिथं गेला. पायावर पाय आणि त्यावर मशीनचं डोकं. आता मला सिंहासन लागतं. लेकीनं खुर्चीवर दोन उशा रचल्या, संडासात उंच बैठक बसवून घेतली. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण मला पाय पसरण्याआधी तीन माणसांना हाक मारावी लागते.

संध्याकाळी लेक खुर्ची ओढून बसली. शाळेच्या कचेरीत तक्रार घेऊन आलेल्या पालकांशी बोलत असेल, तशी बोलली.

"बाबा, एक तारखेला माझी रजा संपते. तोवर तुम्ही कुणाचा हात न धरता जिना उतरून परत चढलात, तर तुम्ही इथं राहा. नाही जमलं, तर तुम्ही दोघं माझ्याकडे. आमचं घर तळमजल्याला आहे."

"आणि दुकान?"

"दुकान बंद. आई एकटी तुम्हांला या जिन्यावर धरणार आहे का? तीच वाऱ्यानं हलते."

"आणि जमलं तर?"

"तर मी परत हा विषय काढणार नाही. शब्द."

मी म्हटलं, दिला शब्द. हिला विचारलं, तुझं काय? ही दोन पायऱ्या चढून स्वयंपाकघरात गेली. आमचं स्वयंपाकघर दोन पायऱ्या वर आहे. तिथून म्हणाली, "तुमचं ठरेल तसं."

हिचा स्वभाव असा, की मला कधी भांडायची संधीच मिळाली नाही.

५ फेब्रुवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. माझ्या नातीच्या वयाच्या असतील. घोटा वर-खाली, दहा. मांडी आवळा, दहा. पाय बाजूला सरकवा, दहा. झालं म्हटलं की "छान काका, आता आणखी दहा". मी त्यांचं नाव दहावाली ठेवलं आहे. तोंडावर बाई म्हणतो.

शेवटी मी घामाघूम पडलेलो असताना जिन्याचा धडा झाला. "आत्ता नाही हं, दहा दिवसांनी सुरू करायचं. पण नियम लक्षात ठेवा, काका. चढताना चांगला पाय आधी. उतरताना वाईट पाय आधी. पाठच करा."

मी म्हटलं, "बाई, हे मला शिकवायला नको. नवा पार्ट टाकला की भार त्याच्यावर द्यायचा आणि जुन्याला जपायचं, हेच करत आलोय."

त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. "हो हो, छान," म्हणाल्या. कागद हिच्या हातात दिला आणि वॉकरची उंची बघायला उठल्या.

सोपा नियम आहे. आवडला.

८ फेब्रुवारी

उताणं झोपून कंटाळा आला. छताला एक चीर आहे, ती खिडकीकडून दाराकडे जाते. माझ्याहून जास्त चालते.

१० फेब्रुवारी

रक्ताची गाठ होऊ नये म्हणून मांडीपर्यंत घट्ट मोजे घालायचे असतात. मला वाकता येत नाही, लेकीला ते जमत नाहीत, म्हणून ही घालते. जमिनीवर बसते, माझी टाच मांडीवर घेते आणि इंच इंच वर ओढते. वीस मिनिटं लागतात. मग पलंगाच्या कडेला धरून उठते, दोन टप्प्यांत. आज पहिल्या टप्प्यावर जरा जास्तच थांबली.

मी म्हटलं, "तूही माझ्याबरोबर व्यायाम कर. आखडलीस बघ."

एरवी अशा बोलण्यावर टोला ठरलेला असतो. आज नुसतं मोजे नीट बसलेत का ते चाचपून वर गेली.

१३ फेब्रुवारी

काल डॉक्टरांनी घरी येऊन टाक्यांच्या पिना काढल्या. सत्तावीस होत्या. माझा टाका याहून बारीक पडला असता, पण डॉक्टरांना तसं म्हणता येत नाही.

सर्दी संपवून घड्याळवाला वर आला. पलंगापाशी बसला आणि चादर उचलून पायाकडे असा बघू लागला, जसा कुणाचं घड्याळ उघडून बघतो.

"गॅरंटी किती?"

"वीस वर्षं म्हणतात."

"मग तू एक्क्याण्णवचा होशील. गॅरंटी संपायच्या आत परत करायला कोण जाणार?"

"तूच जा. तोवर तुझं एक तरी घड्याळ वेळ बरोबर दाखवेल."

हिनं चहा आणला. त्याला दिला, मला दिला, लेकीला दिला. स्वतःचा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून कुठल्याशा कामाला गेली. घड्याळवाला निघाला तेव्हा तिचा कप तसाच होता, वर साय धरलेली. "वहिनी, तुमचा राहिला," तो म्हणाला. "घेते की," ही म्हणाली आणि कप मोरीत ओतून विसळून टाकला.

१५ फेब्रुवारी

आजपासून पायऱ्या. बाईंची पुढची फेरी तीन दिवसांनी, पण सांगितलेले दहा दिवस भरले. स्वयंपाकघराच्या दोनच. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातात काठी. चांगला पाय आधी, म्हणून डावा उचलला, वर ठेवला आणि त्याच्यावर अंग तोललं.

आई आठवली. खुब्यातून कळ अशी गेली, की डोळ्यांपुढे काजवे. तरी चढलो. उतरताना वाईट पाय आधी, म्हणून उजवा खाली. तेव्हा सगळं वजन वर राहिलेल्या नव्यावर आलं, तो थरथरला.

हरकत नाही. नवा पार्ट सुरुवातीला घट्टच असतो. चार दिवस फिरला की सुटेल.

ही मागे उभी होती, दोन्ही हात पुढे करून. मी म्हटलं, "झेलणार आहेस का मला?"

"नाही तर काय."

मग जरा वेळानं म्हणाली, "अहो, ऐका ना..."

"काय?"

"काही नाही. दूध ठेवलंय."

१७ फेब्रुवारी

सकाळी चार वेळा, संध्याकाळी चार वेळा. कळ तशीच. लेक मोबाइलमधून मान वर न करता विचारते, "व्यायाम झाला का?" आणि मी म्हणतो, झाला. झालाच आहे. खोटं कुठं आहे त्यात?

१८ फेब्रुवारी

दहावालीला ताप आला आहे. आठवडाभर येणार नाहीत, फोन केला होता. ही आणि लेक दोघी बाजारात गेल्या होत्या, तेव्हा मनातलं विचारून घेतलं.

"बाई, पायरी चढताना चांगल्या पायात फार कळ येते."

"चांगल्या पायात?"

"हो. भार घेतच नाही."

तिकडे खोकल्याची उबळ आली. मग म्हणाल्या, "काका, असं होतं बरेचदा. त्यानं बरीच वर्षं दोघांचं ओझं वाहिलंय ना. घाबरू नका. पण डॉक्टरांना दाखवून त्याचाही एक्स-रे काढू या. पुढेमागे कदाचित तोही बदलावा लागेल."

मी फोन ठेवला.

वीसच दिवस झाले आणि नव्यानं मान टाकली. वर्षांची गोष्ट मला समजली नाही, मी म्हटलं तापात बोलल्या असतील. पण बदलावा लागेल हे मी नीट ऐकलं. आयुष्यात दोनदाच माझ्याकडे असा पार्ट आला होता, पेटीतून काढतानाच खोट असलेला. वरून चकचकीत. मशीनमध्ये बसवला की टाका सुटतो. दोन्ही वेळा मी गिऱ्हाइकाला सांगितलं, चूक तुमची नाही. आता मला कोण सांगणार?

कुणाला बोलायचं नाही असं ठरवलं आहे. लेकीला कळलं तर उद्याच सामान बांधेल.

१९ फेब्रुवारी

थकलो. लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी

दुपारी लेक तिच्या घराबद्दल सांगत होती. मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. दारातून थेट अंगणात. कामाला बाई आहे, ती आठला येते. स्वयंपाक लेक आणि जावई वाटून करतात.

ही पालेभाजी निवडत बसली होती. विचारते, "तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला गं?" लेकीनं सांगितलं. थोड्या वेळानं, "आठला येते ती बाई भांडीपण घासते?" मग पुन्हा, "आणि सकाळचा पहिला चहा कोण करतं म्हणालीस?"

मला रागच आला. म्हटलं, "तुला काय करायचंय त्यांच्या चहाशी? आपल्याला जायचंय का तिथं?"

"सहज विचारलं," म्हणाली आणि देठं गोळा करून उठली.

मला वाटतं माझ्या हरण्याची भीती हिलाही आहे. माणूस ज्याला घाबरतो त्याचीच चौकशी करतो.

२४ फेब्रुवारी

लेक औषधं आणायला गेली तेव्हा खऱ्या जिन्यावर गेलो. चोरासारखा. हिला म्हटलं, चल मागून.

तीन पायऱ्या उतरलो, कळ सोसत. परत वळून पहिली चढायला डावा वर ठेवला, जोर दिला, आणि तो उठेचना. दुसऱ्यांदा दिला. घोड्याला पाण्यापर्यंत नेलं, पण तोंडच उघडेना. घाम, धाप. मी खाली तीन पायऱ्यांवर उभा आणि माझं घर वर. उंच काही नव्हतं बसायला. हिनं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली, पण ती जिन्यावर कुठे ठेवणार? शेवटी घड्याळवाल्याला हाक मारली. त्यानं आणि हिनं दोन्ही काखांत हात घालून वर घेतलं.

घड्याळवाला धापा टाकत म्हणाला, "पोरीचं ऐक. जा निवांत. मी शटर बघतो."

"माझ्या अकरा मशिनांचं काय?"

"देईन परत ज्याची त्याला. तू काय जगातला शेवटचा मेकॅनिक आहेस?"

तो गेला. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करायला गेलो, तर कुशीवर वळायला मनाई. उताणाच राहिलो, डोळ्यांवर हात घेऊन. ही शेजारी बसली. खांद्यावरून हात फिरवत राहिली. मध्येच तिचा हात थांबला. बघितलं तर बसल्या बसल्या डोळा लागला होता, तोंड जरासं उघडं.

दुपारचे साडेतीन वाजले होते. ही दुपारी कधी झोपत नाही.

२६ फेब्रुवारी

उद्या दहावाली येणार. उद्याच परीक्षा. मनानं मी पेटी भरली आहे. पेचकस, तेलाची कुपी, चिमटे. तिथं कुणाचं तरी मशीन बिघडेलच की.

अकरा जणांना चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकाला मशिनीचं काय दुखतंय ते सविस्तर लिहिलं, म्हणजे पुढच्याला सोपं जाईल.

२७ फेब्रुवारी

हे सगळं नीट लिहायला हवं.

दहाला दहावाली आल्या, तापानं अर्ध्या झालेल्या. लेक जिन्याच्या वरच्या टोकाला. ही तिच्या मागे. घड्याळवाला दुकान उघडं टाकून खाली रस्त्यावर, मान वर करून. तिकीटच लावायला हवं होतं.

बाई म्हणाल्या, "आधी घरातल्या दोन पायऱ्या दाखवा, काका. घाई नको."

मी कठडा धरला, देवाचं नाव घेतलं, डावा वर ठेवला.

"थांबा थांबा! हा कोणता पाय?"

"चांगला."

"अहो, हा ऑपरेशनचा पाय!"

"म्हणजे नवाच की. नवा तो चांगला. जुना झिजलेला, तो वाईट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पायाकडे. मग त्या मटकन त्याच पायरीवर बसल्या. आधी मला वाटलं ताप परत चढला. पण खांदे हलत होते. "काका," त्यांना शब्द फुटेना, "काका, तुम्ही एवढे दिवस... अहो, ज्याला कापलंय तो वाईट! धडधाकट राहिला तो चांगला! फोनवर मला वाटलं, उजवा दुखतोय म्हणता!"

"मग बदलावा लागेल म्हणालात तो?"

"उजवा हो! तोही आता नको. काही नको. अरे देवा!"

लेक हसत हसत भिंतीला टेकली. खालून घड्याळवाला ओरडत होता, "काय झालं? पडला का?" तिनं वरून सगळं सांगितलं, तर त्याचं हसणं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं असेल. "अरे, दुरुस्तीला आलेल्या मशिनीला तू चांगलं म्हणतोस का रे?"

मीही हसलो. माणसानं आपली पायरी ओळखून असावं म्हणतात. मला ती कुठल्या पायानं चढायची तेच ओळखता आलं नाही.

फक्त ही तेवढी हसली नाही. गॅस बंद करते म्हणून आत गेली. गॅसवर काही नव्हतं.

मग उजवा आधी. काय सांगू? आपली नेहमीची गोष्ट असल्यासारखा तो वर गेला आणि त्यानं नव्याला हात धरल्यासारखं वर घेतलं. कळ नाही. नाहीशीच. बाई एक पायरी मागे, पण हात न लावता. एकोणीस पायऱ्या उतरलो, रस्त्यावर उभा राहिलो, शटरला हात लावला, एकोणीस चढलो. मध्ये दोनदा दम खाल्ला.

लेक म्हणाली, "जिंकलात, बाबा."

२८ फेब्रुवारी

चिठ्ठ्या फाडल्या.

ही दुपारी कपाटापाशी होती. बघतो तर तिनं बॅग आधीच भरून ठेवलेली. त्यातून एकेक कपडा काढून, घडी हातानं सारखी करून, परत फळीवर ठेवत होती. सगळ्यात खाली नव्या चपला होत्या, कागदासकट. कधी घेतल्या कोण जाणे.

मी म्हटलं, "वा! म्हणजे माझ्यावर भरवसाच नव्हता तुझा."

"ठेवलेलं बरं असतं तयार," म्हणाली.

चपला कागदासकटच आत गेल्या.

२ मार्च

काल लेक गेली. घर एकदम मोठं झालं.

आज पुढच्या आठवड्याचे व्यायाम बघायला दहावालीचा तो पहिला कागद शोधला. हिला विचारलं तर म्हणाली, कुठे गेला कोण जाणे. औषधांच्या डब्याच्या तळाशी सापडला, चौकोनी घडी केलेला. दोन पायांचं चित्र. डाव्यावर फुली. उजव्यावर बाण, आणि निळ्या शाईत हिच्या अक्षरात : हा चांगला, चढताना हा आधी.

हिचं अक्षर मी ओळखतो. वेलांटी सुटी काढते.

ही मोज्यांची जोडी घेऊन आली आणि माझ्या हातातला कागद बघितला. खाली बसली नाही. उभीच राहिली.

"तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी लिहून घेतलं होतं. तुम्ही दमला होतात. विसराल म्हणून."

"आणि मी बारा दिवस उलटा चढत होतो, ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा तोंडाशी आलं."

"आणि?"

हिनं मोजे पलंगाच्या कडेला ठेवले, एकावर एक. "दमलेय हो मी," म्हणाली. "तुम्ही पडला असतात तर मी जिवंत राहिले नसते. म्हणून प्रत्येक वेळी मागे उभी होते. पण तुम्हांला जमलं नाही, तर आपण तिच्याकडे जाणार होतो. तिथं सकाळी मला कुणीतरी विचारलं असतं, आई, चहा घेतेस का. एवढंच मनात आलं. पाप आलं म्हणा."

त्यावर मी जे बोललो ते लिहीत नाही.

मोजे तिनं घातलेच. वीस मिनिटं.

३ मार्च

बोलणं नाही.

५ मार्च

रागाचं काय आहे, तो एक दिवस पोट भरतो, दुसऱ्या दिवशी स्वतःच भुकेला होतो.

दोन दिवस छताची चीर बघत काढले. मला मशिनीचा आवाज रस्त्यावरून कळतो. शटल घासतंय, पट्टा ढिला झालाय, तेल मागतेय. हाच माझा धंदा आणि हाच माझा दिमाख. मागची पानं वाचून काढली. साय धरलेला चहा मीच लिहिलाय. दोन टप्प्यांत उठणं मीच लिहिलंय. दुपारी साडेतीनची झोप लिहिली आणि खाली रेघसुद्धा मारली नाही. आपल्याच हातानं लिहायचं आणि आपल्यालाच वाचता येऊ नये, याला काय म्हणावं? चौथी नापास म्हणावं.

बारा दिवसांच्या कळा माझ्या. बरोबर आहे. पण तिच्या कळांचे दिवस मोजायला बसलो तर ही वही पुरणार नाही.

संध्याकाळी दोन पायऱ्या चढून स्वयंपाकघरात गेलो. ही पाठमोरी होती.

म्हटलं, "तू लेकीकडे जा."

हात थांबले. "हाकलताय?"

"माहेरपणाला जा. चव्वेचाळीस वर्षांत तुझं माहेरपण झालं कुठं? आधी तुझी आई आजारी, मग माझी."

"लेकीकडे आईचं माहेरपण? लोक हसतील."

"हसू देत. परवा माझ्यावर हसले, कुठं काय झालं?"

"आणि तुमचं?"

"मला जिना येतो आता."

"जिना खाणार आहात का?"

हे ऐकलं आणि मला फार बरं वाटलं. टोला परत आला होता. म्हटलं, "डबा घड्याळवाल्याकडून. दहावाली आठवड्यातून दोनदा. मोजे उद्या डॉक्टर काढायला सांगणार आहेत. राहता राहिला चहा. तो तू मला शिकव."

ही वळली. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "एकाहत्तराव्या वर्षी?"

"मशीन मी अकराव्या वर्षी शिकलो, तेही कुणी शिकवलं नव्हतं. इथं तर बाई आहेत शिकवायला."

"पाणी आधी," म्हणाली.

६ मार्च

मोजे सुटले. चहा दोनदा केला. पहिला ओतून दिला. दुसरा हिनं बसून प्यायला, शेवटपर्यंत, आणि म्हणाली, साखर विसरलात.

८ मार्च

लेक सकाळी गाडी घेऊन आली. एक महिना, असं ठरलंय. मी म्हटलं, वर कितीही. ही नव्या चपला घालून निघाली. जिन्यात मी पुढे, वाईट पाय आधी टाकत, आणि ही मागे. हात पुढेच होते तिचे, मला न बघताच कळत होतं. खाली पोचल्यावर म्हटलं, आता तरी हात खाली कर. तेव्हा केले.

गाडी वळेपर्यंत दोघांत कुणी हात हलवला नाही. आमच्यात ती पद्धत नाही.

मग शटर अर्धं उघडलं. उंच खुर्ची घड्याळवाल्यानं आणून ठेवली होती, दोन उशा घालून. पहिलं मशीन समोर घेतलं. तासाभरात थकलो. वर आलो, चहा ठेवला, आणि वहीच्या मध्यावर एकच पान उरलं होतं ते तुझ्यासाठी लिहायला घेतलं. डायरी नाही जमत मला, मी म्हटलं होतंच. हे पान फाडून पाकिटात घालतो, घड्याळवाला टाकेल.

तर ऐक. मी ठीक आहे. ठीक म्हणजे कसा ते खरं लिहितो, कारण तूही खरंच लिहावंस अशी इच्छा आहे. पाय सुजतो संध्याकाळी. घरात फार शांत आहे. चहाचं पाणी आटलं, परत घातलं. दुपारी पडलो तर डोळा लागला नाही. जिना चारदा झाला. बरा झालेला माणूस इतका दमतो हे मला माहीत नव्हतं, आणि बरं करणारा किती दमत असेल याचा तर मी विचारच केला नव्हता. त्या दिवशी जे बोललो ते मागे घेतो. कागदावर घेतो, म्हणजे तुला पुन्हा वाचता येईल.

तुला काय काय दुखतं ते सगळं लिही. बरी आहे एवढंच लिहिलंस तर पत्र परत पाठवीन. सकाळी किती वाजता उठतेस, ऊन कुठपर्यंत येतं, चहा कोण विचारतं, तो बसून पितेस का, हेही लिही. फोन नको, फोनवर तू दोन शब्दांत आटपतेस.

परत येण्याची घाई अजिबात करू नकोस. उत्तराची मात्र कर.